झडती आणि तिची नोंद : कागलच्या नाक्यापासून उजळाईवाडीच्या धावपट्टीपर्यंत

कोल्हापूर सोडून पुणे-बंगळूर महामार्गाने दक्षिणेला निघाले की आधी उजळाईवाडीचे विमानतळ लागते, मग गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि मग कागल. कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळी, म्हणजे कर्नाटक. या थोडक्या पट्ट्यात तपासणीचे जवळजवळ सगळे प्रकार भेटतात. पोलिसांची नाकाबंदी असते. गोव्याच्या दारूसाठी राज्य उत्पादन शुल्क विभाग गाड्या थांबवतो. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असल्याने सीमेवरून येणाऱ्या टेम्पोंवर नजर असते. मालवाहू गाड्यांसाठी जीएसटीची पथके फिरतात, आणि निवडणूक लागली की स्थिर सर्वेक्षण पथकाचा मांडव उभा राहतो. उजळाईवाडीला उतरणारे छोटे विमान किंवा हेलिकॉप्टरही या तपासणीतून सुटत नाही.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत हे सगळ्या राज्याने पाहिले. ११ नोव्हेंबरला वणी येथे हेलिकॉप्टरने उतरलेल्या उद्धव ठाकरे यांच्या बॅगा निवडणूक पथकाने तपासल्या. ठाकरे यांनी त्या तपासणीचे चित्रण केले आणि ते गाजले. त्यावर, ५ नोव्हेंबरला कोल्हापूर विमानतळावर देवेंद्र फडणवीस यांच्याही बॅगा तपासल्या होत्या, असे भाजपने सांगितले. पुढे हिंगोलीत अमित शहा यांच्या हेलिकॉप्टरचीही तपासणी झाली. तेव्हा चावडीवर एकच प्रश्न होता : यांना असे तपासता येते का?

येते. पण त्याहून उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे. तपासणी कोणत्या कायद्याखाली चालली आहे, ती कोणत्या रीतीने व्हायला हवी, आणि संपल्यावर आपल्या हातात कोणता कागद राहायला हवा? भारतीय कायद्यात नागरिकाचे खरे बळ झडती अडवण्यात नाही, झडतीची नोंद करून घेण्यात आहे. असे का, ते पुढे टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी ओळखा : थांबवणारा कोण?

गणवेश दुरून सारखाच दिसतो, पण त्यामागचा अधिकार वेगवेगळ्या कायद्यांतून येतो. वाहतूक पोलीस मोटार वाहन कायदा, १९८८ खाली परवाना आणि गाडीचे कागद मागतात. उत्पादन शुल्कचा निरीक्षक महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली दारू शोधतो. जीएसटी अधिकारी मालाचे बिल आणि ई-वे बिल पाहतो. अमली पदार्थांची झडती १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली होते, तर तस्करीची सीमाशुल्क कायदा, १९६२ खाली. गुन्ह्याच्या तपासातली पोलिसांची झडती १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा तिने घेतली आहे.

म्हणून पहिला प्रश्न शांतपणे विचारावा : “साहेब, आपण कोणत्या खात्याचे, आणि तपासणी कशासाठी आहे?” हा उद्धटपणा नव्हे. उत्तर मिळाले की पुढची रीत ठरते. अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, ठाणे किंवा कार्यालय, आणि सरकारी गाडीचा क्रमांक लक्षात ठेवावा.

थांबणे, कागद दाखवणे आणि झडती

या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गणवेशातल्या पोलिसाने हात केला की गाडी थांबवणे बंधनकारक आहे. परवाना, नोंदणी, विमा, पीयूसी हे कागद दाखवावेच लागतात, मात्र डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रतही केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चालते. इथवर वादाला जागा नाही.

डिकी उघडणे, पिशव्या उपसणे, सीटखाली हात घालणे ही मात्र झडती. तिच्यामागे कारण लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या १८५ व्या कलमाप्रमाणे वॉरंटशिवाय झडती घेण्याचा अधिकार ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला किंवा तपास अधिकाऱ्याला आहे. तपासाला हवी असलेली वस्तू अमुक ठिकाणी मिळेल असे मानायला त्याच्याकडे कारण असले पाहिजे, आणि वॉरंट आणेपर्यंत ती हातची जाईल अशी स्थिती असली पाहिजे. हे कारण त्याने झडतीपूर्वी लिहून ठेवायचे असते आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची असते. ज्याच्या जागेची झडती झाली, त्याने अर्ज केला तर दंडाधिकाऱ्याकडून ही प्रत त्याला विनामूल्य मिळते.

नाकाबंदीत बहुतेक वेळा इतके काही घडत नाही. “डिकी दाखवा” म्हटले की चालक डिकी उघडतो आणि दोन मिनिटांत गाडी पुढे जाते. ही संमतीची तपासणी. लपवण्यासारखे काही नसेल तर संमती देण्यात शहाणपणच आहे. संमती द्यायची नसेल, तर स्पष्ट पण नम्र शब्दांत तसे सांगावे, कारण विचारावे, आणि अधिकाऱ्याने तरीही झडती घ्यायची ठरवली तर हात मध्ये घालू नये. सरकारी कामात अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या २२१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. अधिकाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी बळ वापरले तर १३२ वे कलम लागते आणि प्रकरण फार गंभीर होते. तोंडाने आक्षेप घेणे हा हक्क आहे. अंगाने अडवले की आपलीच बाजू पडते.

पंच, पंचनामा आणि चित्रण

झडती खरोखर सुरू झाली की नागरिक सुरक्षा संहितेचे १०३ वे कलम पाहायचे. त्यातली रीत अशी. परिसरातले दोन किंवा अधिक तटस्थ, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे. झडती त्यांच्यासमोर घ्यायची. काय काय, कुठे कुठे सापडले याची यादी तिथेच करून पंचांच्या सह्या घ्यायच्या. ज्याच्या जागेची झडती आहे त्याला हजर राहू द्यायचे, आणि सह्या झालेल्या यादीची प्रत त्याला द्यायची.

नव्या संहितेने यात १०५ व्या कलमाची महत्त्वाची भर घातली आहे. जागेची झडती किंवा मालाची जप्ती करताना यादी तयार होण्यापासून पंचांच्या सह्यांपर्यंत सगळ्याचे दृक्-श्राव्य चित्रण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ते शक्यतो मोबाइलवर करायचे असते आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. म्हणून जप्ती चालू असताना एवढे जरूर विचारावे : “चित्रण सुरू आहे ना?” ते सुरू असेल तर आपला आक्षेपही मोठ्याने, एका वाक्यात नोंदवावा.

पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा. कोऱ्या कागदावर सही कधीच करू नये. नोटांची संख्या, बाटल्यांची संख्या, इंजिन क्रमांक, वेळ हे तपशील पडताळावेत. चुकीचे काही असेल तर सहीखाली स्वतःच्या अक्षरात “अमुक मजकूर मान्य नाही” असे लिहावे.

जप्त झालेल्या गाडीला ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे गंज चढू देऊ नये, योग्य बंधपत्र घेऊन ती लवकर मालकाला सोपवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले आहे. त्यामुळे गाडी अडकली तर ठाण्याच्या खेपा घालण्यापेक्षा वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे सुपुर्तनाम्याचा अर्ज करणे हाच सरळ मार्ग.

अंगझडती आणि अमली पदार्थ

अंगझडतीचा पहिला नियम कुठल्याही कायद्याखाली एकच : स्त्रीची झडती स्त्रीनेच, आणि मर्यादा सांभाळूनच घ्यायची. महिला कर्मचारी हजर नसेल तर “थांबू, पण महिला पोलीस येऊ द्या” असे सांगण्याचा पूर्ण हक्क आहे.

अमली पदार्थांच्या संशयात आणखी एक संरक्षण मिळते. एनडीपीएस कायद्याच्या ५० व्या कलमानुसार, ज्याची अंगझडती घ्यायची त्याला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागता येते. हा हक्क आहे हे त्याला सांगणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. १९९९ मध्ये बलदेव सिंग प्रकरणात आणि २०१० मध्ये विजयसिंह जडेजा प्रकरणात घटनापीठांनी हे ठामपणे सांगितले. पण हा हक्क अंगझडतीपुरताच आहे. हातातली बॅग किंवा गाडी त्यात येत नाही, असे २००५ च्या पवनकुमार निकालात स्पष्ट झाले.

गाडीसाठी ४२ वे कलम आहे. झडती घेणारा शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा आणि सरकारने अधिकार दिलेला असला पाहिजे. मिळालेली खबर त्याने लिहून घेऊन तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांना पाठवली पाहिजे. सार्वजनिक जागेसाठीचे ४३ वे कलम यापेक्षा सैल आहे. मात्र रस्त्यावर उभी असलेली खासगी गाडी ‘सार्वजनिक वाहन’ होत नाही, तिला ४२ वे कलमच लागते, असे २०२१ मध्ये बूटा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि आरोपींची सुटका केली. एका न लिहिलेल्या नोंदीने सगळा खटला कोसळू शकतो, तो असा.

निवडणुकीतली रोकड

कागलच्या व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला सर्वांत जास्त धास्ती याची. “पन्नास हजारांवर रोकड असली की जप्त” हा समज घरोघरी आहे. तो अर्धाच खरा आहे. रोकड किती बाळगावी यावर कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही. लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांसाठी भारत निवडणूक आयोगाची जी कार्यपद्धती आहे, तिच्यानुसार ५०,००० रुपयांचा आकडा मुख्यतः उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्ष कार्यकर्ता ज्या गाडीत आहे तिच्यासाठी आहे. प्रचारसाहित्य, दारू, शस्त्रे किंवा १०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या भेटवस्तू मतदारांना वाटण्यासाठी नेल्या जात असल्याचा संशय असेल तर त्याही जप्त होतात. १० लाखांहून अधिक रोकड सापडली आणि गुन्ह्याचा संशय नसला तरी आयकर विभागाला कळवले जाते.

सर्वसामान्य माणसाने बँकेतून पैसे काढल्याची पावती किंवा पासबुकाची नोंद, पॅन कार्ड, आणि पैसे कशासाठी हे दाखवणारा कागद जवळ ठेवावा. गुळाची पट्टी, जनावराच्या खरेदीची पावती, लग्नाच्या खरेदीचे अंदाजपत्रक, काहीही चालेल. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याचीच मनाई आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

स्थिर सर्वेक्षण पथकाचे प्रमुख कार्यकारी दंडाधिकारी असतात, आणि तपासणीचे चित्रण होते. पथकाने सभ्यपणे वागावे आणि महिला अधिकारी नसेल तर स्त्रियांची पर्स उघडू नये, असे कार्यपद्धतीत लिहिलेले आहे. रोकड जप्त झाली तर पावती मिळते, आणि दाद कोणाकडे मागायची तेही सांगावे लागते. त्यासाठी जिल्ह्यात तिघांची समिती असते : जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा त्यांच्या तोडीचे अधिकारी, निवडणूक खर्च संनियंत्रणाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी. गुन्हा दाखल नसेल आणि पैशाचा निवडणुकीशी संबंध नसेल तर समिती रक्कम सोडण्याचा आदेश देते. मतदानानंतर सात दिवसांपलीकडे असे प्रकरण रेंगाळत ठेवता येत नाही.

मालाची गाडी

५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल नेताना सर्वसाधारणपणे ई-वे बिल लागते. पथकाने गाडी अडवली तर तपासणीचा गोषवारा २४ तासांत आणि अंतिम अहवाल तीन दिवसांत संकेतस्थळावर भरणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. गाडी ३० मिनिटांहून अधिक अडवून ठेवली तर वाहतूकदाराला ‘ईडब्ल्यूबी-०४’ हा नमुना भरून ती गोष्ट स्वतः नोंदवता येते. ही तरतूद फार थोड्या चालकांना ठाऊक आहे. गाडीमालकांनी ती आपल्या चालकांना शिकवून ठेवावी.

आता धावपट्टीकडे

कोल्हापूर संस्थानात राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर आज प्रवासी विमानांबरोबर खासगी विमाने आणि हेलिकॉप्टरही उतरतात. अशा छोट्या विमानाच्या वैमानिकाचे हक्क नाक्यावरच्या चालकापेक्षा फार वेगळे नाहीत, पण त्याची जबाबदारी मोठी असते.

त्याच्याकडे येणारे अधिकारी तीन कामांसाठी येतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा निरीक्षक वैमानिकाचा परवाना, विमानाची नोंदणी, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र आणि नोंदवही पाहतो. हे कागद विमानात हवेतच. दारूच्या चाचणीलाही नकार चालत नाही. हे काम ज्याखाली चालत असे त्या १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. दुसरे काम सुरक्षेचे, ते विमान सुरक्षा नियम, २०२३ खाली चालते. तिसरे काम गुन्ह्याच्या तपासाचे : पोलीस, सीमाशुल्क किंवा अमली पदार्थविरोधी पथक. या तिसऱ्या कामाला वर सांगितलेले नियम लागू पडतात. पोलीस जप्ती करत असतील तर यादी, पंच आणि चित्रण विमानाशेजारीही हवेच.

मात्र आकाशात अधिकार बराच कडक आहे. एनडीपीएस कायद्याचे ४९ वे आणि सीमाशुल्क कायद्याचे १०६ वे कलम अधिकाऱ्यांना संशयित विमान उतरायला भाग पाडण्याची मुभा देते. हे निव्वळ पुस्तकातले नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात एका अँटोनोव्ह-२६ विमानातून शस्त्रे टाकली गेली. तेच विमान काही दिवसांनी पुन्हा भारताच्या हद्दीत आले, तेव्हा त्याला मुंबईत उतरायला लावले आणि त्यातले कर्मचारी पकडले गेले. लढाऊ विमान शेजारी आलेच, तर आंतरराष्ट्रीय रीत अशी : पंख हलवून प्रतिसाद द्यायचा, मागोमाग जायचे, १२१.५ मेगाहर्ट्झवर बोलायचे. वाद घालायचा तो जमिनीवर उतरल्यावर.

जमिनीवर वैमानिकाने एका गोष्टीत जराही ढिलाई करू नये, ती म्हणजे विमानाची सुरक्षितता. इंजिन आणि पंखा पूर्ण थांबल्याशिवाय कोणाला जवळ येऊ देऊ नये. यंत्रावरचे झाकण किंवा आतला पत्रा उघडायचा असेल तर परवानाधारक देखभाल अभियंता बोलवावा, असे ठामपणे सांगावे. उघडलेला भाग त्यानेच बंद करून तशी सही नोंदवहीत केली पाहिजे. झडती संपली की उड्डाणपूर्व पाहणी पहिल्यापासून पुन्हा करावी. नाक्यावर सैल राहिलेला बोल्ट गाडी बंद पाडतो, आकाशात तो जीव घेऊ शकतो. विमानतळावर छायाचित्रणावर निर्बंध असल्याने तिथे स्वतःचा मोबाइल काढण्यापूर्वी विचारावे.

नोंदीचे बळ अमेरिकेतल्या खासगी वैमानिकांनी दाखवून दिले. देशांतर्गत उडणारी छोटी विमाने सीमाशुल्क आणि सीमा संरक्षण खात्याचे अधिकारी ठोस कारणाशिवाय अडवतात, अशी तक्रार २०१३ च्या सुमारास त्यांच्या संघटनेने हाती घेतली. सभासदांचे अनुभव गोळा केले, माहिती अधिकाराखाली सरकारी कागद मागितले आणि ते घेऊन खात्याशी बोलणी केली. त्या सगळ्याचा आधार वैमानिकांनी लिहून ठेवलेले तपशील हाच होता.

चुकीच्या झडतीचे पुढे काय?

अमेरिकेत बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा बहुधा न्यायालयाबाहेर राहतो. आपल्याकडे तसे नाही. झडतीत त्रुटी राहिली म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या पूरनमल निकालात सांगितले. अंगझडतीच्या ५० व्या कलमासारखे काही मोजके अपवाद सोडले तर आजही तोच नियम आहे. २०१७ मध्ये पुट्टास्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, त्यामुळे राज्याच्या प्रत्येक झडतीमागे कायदा आणि कारण हवे ही कसोटी अधिक घट्ट झाली.

म्हणूनच नोंदीचे मोल. पंचांची नावे, चित्रण आणि यादीची प्रत यांच्या आधारे वकील पुरावा पोकळ ठरवू शकतो, आणि तक्रारीला दात येतात. खोडसाळपणे झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला एनडीपीएस कायद्याच्या ५८ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे किंवा मानवी हक्क आयोगाकडे करता येते. अटक झालीच तर कारणे लेखी आणि कळणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत, नातेवाइकांना कळवले पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. उच्च न्यायालयात जायचे तर आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झाले आहे.

दूधगंगा ओलांडली की दारूबंदी आणि गुटख्याचे राज्य कायदे बदलतात, पोलीस बेळगाव जिल्ह्याचे होतात आणि कागद कन्नडमध्ये असू शकतो. पण नागरिक सुरक्षा संहिता आणि एनडीपीएस कायदा दोन्ही तीरांवर एकच आहे. न कळणाऱ्या भाषेतला कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

कागलकरांना आणि या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला एवढेच सांगणे. थांबा, कागद दाखवा, नम्रपणे बोला, हात उगारू नका. झडती झालीच तर नाव, वेळ, पंच आणि चित्रण यांची खात्री करा, आणि पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय जागा सोडू नका. ती प्रत मागणे हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, आणि सचोटीने काम करणाऱ्या पोलिसालाही तीच प्रत खोट्या आरोपातून वाचवते.